दहा टक्के जास्त: बोगोटाच्या करदात्यांचं प्रकरण

2002 साली कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, महापौरांनी करदात्यांपुढे एक चमत्कारिक मागणी ठेवली. तुमचा जेवढा कर होतो तेवढा भराच, आणि वाटलं तर त्यावर आणखी दहा टक्के स्वखुशीने भरा. सक्ती नाही, बक्षीस नाही, पावतीवर सोन्याचा शिक्काही नाही. 63 हजार जणांनी ते भरले.

ही गोष्ट सांगोवांगी फार फुगते, म्हणून आधी प्रमाण बघू. साठ-पासष्ट लाख वस्तीच्या शहरात 63 हजार म्हणजे शंभरात जेमतेम एक. त्या पैशांनी शहराचा कायापालट झाला नाही, होणारही नव्हता. मला कुतूहल आहे ते वेगळंच. दहाच वर्षांपूर्वी हे शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं, लागू असलेला करही धड वसूल होत नव्हता. महापालिका म्हणजे लुटायची जागा, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. अशा ठिकाणी शंभरातल्या एकाला तरी आपणहून जास्त पैसे द्यावेसे का वाटावेत?

याचं सोपं उत्तर ‘एक अवलिया महापौर आला’ असं दिलं जातं. अवलिया आला होता, हे खरं. पण हिशोब त्याच्या आधी सुरू झाला होता.

रुक्ष माणसाचं काम

1993 मध्ये बोगोटात दर लाख लोकसंख्येमागे 80 खून होत होते. भारतात आज हे प्रमाण दोन-तीनच्या घरात आहे, त्यावरून अंदाज यावा. नळाचं पाणी 79 टक्के घरांत पोचत होतं, सांडपाण्याची वाहिनी 71 टक्के घरांना. पाणी, वीज आणि फोनच्या सरकारी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर नगरसेवक स्वतःच बसत. कंत्राट कुणाला, नोकरी कुणाच्या भाच्याला, हे तिथेच ठरे. महापौराला अंदाजपत्रक पुढे सरकवायचं तर नगरसेवकांच्या मागण्या पुरवाव्या लागत. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

1992 ते 1994 या काळात हाइमे कास्त्रो महापौर होते. कायद्याची जाण असलेले, जुन्या पठडीतले राजकारणी. त्यांच्या नावावर ना एखादी झगमगीत वास्तू आहे, ना एखादा गाजलेला प्रसंग. 1991 च्या नव्या राज्यघटनेने राजधानीला जादा स्वायत्तता दिली होती. तिचा आधार घेऊन त्यांनी 1993 मध्ये शहराचा मूळ कायदा नव्याने करून घेतला. नगरसेवकांचं कारभारात थेट बसणं त्याने बंद झालं. धोरण ठरवणं आणि प्रश्न विचारणं हे त्यांचं काम राहिलं, खर्च करणं महापौराचं आणि त्याचा जाबही महापौरालाच.

दुसरी गोष्ट मिळकतकराची. घराची किंमत मालकाने स्वतःच जाहीर करायची आणि त्यावर कर स्वतःच काढून बँकेत भरायचा. ठरावीक मर्यादेच्या खाली किंमत दाखवता येत नसे, त्यामुळे थापा मारायला जागा कमी होती. मुख्य म्हणजे मधला आकारणी निरीक्षक गेला. ‘बघून घेऊ, तुमचं क्षेत्रफळ थोडं कमी लावतो’ म्हणणारा माणूसच साखळीतून निघाला, तर लाच द्यायची कुणाला?

वसुली वाढू लागली. कास्त्रोंची लोकप्रियता मात्र वाढली नाही. कर भरायला लावणाऱ्याचे आभार कोण मानतं? शिवाय तिथे महापौराला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणूक लढवता येत नाही. तिजोरी भरायला लागली आणि त्यांची मुदत संपली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच, आणि बोगोटावरच्या कौतुकपर लेखनात त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा एक वाक्य येतं.

चौकातले विदूषक

1 जानेवारी 1995 ला अँतानास मॉकस महापौर झाले. गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, राष्ट्रीय विद्यापीठाचे माजी कुलगुरू. सभागृहात गोंधळ घालणारे विद्यार्थी ऐकेनात, तेव्हा पाठ फिरवून त्यांनी चक्क विजार खाली केली होती. त्याची चित्रफीत टीव्हीवर गेली, कुलगुरूपद गेलं, आणि त्याच प्रसिद्धीवर कुठल्याही पक्षाशिवाय ते निवडून आले. हे उदाहरण कुणी गिरवू नये.

त्यांचा विचार विजारीच्या किश्शापेक्षा खोल होता. माणसाला तीन गोष्टी आवरतात: कायदा, स्वतःचं मन आणि भोवतालचे लोक. आपण ‘जनाची नाही तर मनाची’ म्हणतो, तेच. मॉकस यांचं निरीक्षण असं की बोगोटात या तिन्हींची तोंडं तीन दिशांना आहेत. सिग्नल तोडणं बेकायदा आहे, मनालाही थोडं खटकतं, पण आजूबाजूचे सगळे तोडतात, आणि जो थांबतो तोच बावळट ठरतो. कायदा कडक करून हे सुटत नाही, कारण दंड करणारा पोलीसही त्याच ‘सगळ्यां’मधला असतो.

वाहतूक पोलिसांचं खातं लाचखोरीसाठी बदनाम होतं. मॉकस यांनी ते बरखास्त करून काम राष्ट्रीय पोलिसांकडे दिलं, आणि चौकात उतरवले मूकाभिनय करणारे कलावंत. आधी वीस, मग त्यांनी शिकवलेले आणखी चारशे. चेहऱ्याला पांढरा रंग, हातात मोजे, तोंडातून शब्द नाही. एखादी मोटार झेब्रा पट्ट्यांवर येऊन थांबली की हा तिच्यासमोर उभा राहणार, पट्ट्यांकडे बोट दाखवणार, कपाळावर हात मारणार, बंपरला दोन्ही हातांनी मागे ढकलण्याचा आव आणणार. फुटपाथवरचे लोक हसायला लागत. चालकाने गाडी मागे घेतली की टाळ्या. नाहीच ऐकलं, तर जवळ उभा असलेला पोलीस दंडाची पावती फाडायचा. हा शेवटचा भाग किस्सा सांगताना गळतो. नुसत्या हसण्यावर शहर चालत नाही, आणि मॉकस यांचाही तसा दावा नव्हता.

साडेतीन लाख कार्डं वाटली गेली. एका बाजूला वर केलेला अंगठा, दुसऱ्या बाजूला खाली केलेला. कुणी वाट दिली तर वर दाखवा, कुणी आडवी गाडी घातली तर खाली. टॅक्सीवाल्यांच्या तक्रारी मागवण्याऐवजी चांगला टॅक्सीवाला भेटला तर कळवा, असं सांगितलं. दीडशे जणांनी कळवलं. ज्यांची नावं आली त्या चालकांना महापौरांनी बोलावून घेतलं, आणि बाकीचे कसे सुधारतील हे त्यांनाच विचारलं.

1997 मध्ये शहराला पाणी देणाऱ्या चिंगासा जलवाहिनीचा बोगदा कोसळला. महापौर टीव्हीवर आले ते शॉवरखाली उभे राहून. साबण लावताना त्यांनी नळ बंद केला आणि लोकांनाही तसंच करायला सांगितलं. दोन महिन्यांत पाण्याचा वापर 14 टक्क्यांनी उतरला. पुढे पाणी वाचवणाऱ्याचं बिलही कमी होईल असे दर लावले, तेव्हा बचत आणखी वाढली. सवय आणि खिसा दोन्ही एकाच बाजूने ओढायला लागले की काम होतं. नुसत्या आवाहनावर किंवा नुसत्या दरवाढीवर ते झालं नसतं, असं मला वाटतं.

साठवलेलं कुणी, खर्चलं कुणी

मॉकस मधेच राष्ट्राध्यक्षपदाच्या मागे लागून 1997 मध्ये पद सोडून गेले. उरलेला काळ पॉल ब्रॉम्बर्ग यांनी सांभाळला. त्याच वर्षी शहराच्या वीज कंपनीत खासगी भांडवल आणण्यात आलं आणि त्यातून मोठी रक्कम मोकळी झाली. ती खर्च करायला मिळाली पुढच्या महापौरांना. एन्रिके पेन्यालोसा यांनी 1994 मध्ये मॉकस यांच्याकडून हार खाल्ली होती, आता 1998 ते 2000 ही तीन वर्षं त्यांची.

पैसा हातात आहे, कर्तृत्व दाखवायला तीन वर्षं आहेत, शहर वाहतुकीत गुदमरलंय. अशा वेळी कुठलाही पुढारी काय करेल? उड्डाणपूल बांधेल. जपानी सल्लागारांचा उन्नत महामार्गांचा तयार आराखडाही टेबलावर होता. पेन्यालोसांनी तो नाकारला. मोटारी मूठभरांकडे आहेत, बाकीचं शहर बसने किंवा पायी जातं, मग सगळ्यांचा पैसा त्या मूठभरांच्या रस्त्यावर का, असा त्यांचा सवाल होता.

तेव्हाची बस कशी होती ते पाहायला हवं, कारण खर्चाच्या निवडीचं खरं मोल तिथे कळतं. बस खासगी मालकांच्या. चालकाची कमाई प्रवाशांच्या डोक्यांवर. त्यामुळे एकाच रस्त्यावर पाच बस एकमेकींच्या पुढे घुसत, मधल्या लेनमध्ये थांबून माणूस चढवत, अर्धा पाय आत पडला की निघत. या झोंबाझोंबीला तिथे ‘पैशाची लढाई’ असंच नाव होतं. चालक वाईट नव्हते. सावकाश चालवणाऱ्याची चूल पेटत नसे, एवढंच.

डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या ट्रान्समिलेनिओ या बससेवेत रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका आल्या. बसच्या पायरीच्या उंचीचे बंदिस्त थांबे आले, तिकीट थांब्यात शिरतानाच. आणि बस कंपनीला पैसे प्रवाशांच्या डोक्यांवर न देता किलोमीटरवर. शेवटचा बदल कागदावरचा, फोटोत न दिसणारा, पण लढाई मिटली ती त्यानेच. पेट्रोलवरच्या अधिभाराचा वाटा या कामासाठी बांधून दिला होता. सोबत सायकलमार्ग, बागा, गरीब वस्त्यांजवळ मोठी ग्रंथालयं. काही वस्त्यांत तर मोटारींचा रस्ता कच्चाच ठेवून आधी फुटपाथ आणि सायकलमार्ग पक्के केले.

लोक खूश होते असं समजू नका. फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून खांब रोवले, तेव्हा दुकानदार आणि मोटारवाले इतके खवळले की महापौरांना परत बोलवण्यासाठी सह्या गोळा करायला लागले. वर्षातून एक दिवस मोटारबंदीचा निर्णय मात्र ऑक्टोबर 2000 मध्ये थेट मतदानाला टाकला गेला आणि मंजूर झाला.

2001 मध्ये मॉकस पुन्हा महापौर झाले. इथे आपल्याकडच्या अनुभवावरून वाटतं की आता आधीच्याचे प्रकल्प थंड्या बस्त्यात जाणार, नाहीतर नाव बदलून पुन्हा उद्घाटन होणार. मॉकस यांनी ट्रान्समिलेनिओचा पुढचा टप्पा चालू ठेवला आणि तयार होत आलेली ग्रंथालयं उघडली. दोघांचा स्वभाव, राजकारण, शहराकडे बघण्याची नजर, काहीच जुळत नव्हतं. तरीही पाडापाडी झाली नाही. कास्त्रोंनी भरलेली तिजोरी मॉकस यांनी उधळली नव्हती, म्हणून पेन्यालोसांना बांधता आलं. पेन्यालोसांनी बांधलेलं लोकांच्या डोळ्यांसमोर होतं, म्हणून मॉकस यांना दहा टक्के मागता आले.

तो अर्ज

‘एकशे दहा टक्के बोगोटासोबत’ या मोहिमेत करभरणा अर्जावर ऐच्छिक रकमेची वेगळी जागा होती, आणि पैसे कशाला वापरायचे याची यादीही: बागा, ग्रंथालयं, गरजू मुलांसाठीच्या योजना वगैरे. भरणारा त्यातून निवडू शकत होता. मला यातली यादीच महत्त्वाची वाटते. देणगी मागणारे पुष्कळ असतात, पण महापालिकेने मागायचं आणि वर ‘कशासाठी ते तुम्हीच सांगा’ म्हणायचं, याला आधीच्या हिशोबाची पत लागते. सार्वजनिक पैसा हा पवित्र पैसा, अशी मॉकस यांची घोषणाच होती. 2002 मध्ये शहराचं करउत्पन्न 1990 च्या तिपटीहून जास्त झालं होतं. ऐच्छिक दहा टक्के त्या वाढीपुढे चिल्लर आहेत, पण हवा कुठली वाहते आहे हे त्या चिल्लरीवरून कळत होतं.

बाकीचे आकडेही बोलके आहेत. 2003 पर्यंत खुनांचं प्रमाण लाखामागे 80 वरून 22 वर आलं. अपघाती मृत्यू वर्षाला सरासरी 1300 वरून 600 च्या आसपास. नळाचं पाणी जवळपास प्रत्येक घरात, सांडपाण्याची वाहिनी 95 टक्के घरांत. याचं सगळं श्रेय मूकाभिनयाला देणं मात्र भाबडेपणाचं होईल. पोलीस सुधारणा, मध्यरात्रीनंतर एक वाजता दारूची दुकानं बंद करणं, शस्त्रं बाळगण्यावरचे निर्बंध आणि कोलंबियात त्या दशकात बदललेलं अमली पदार्थांचं राजकारण, या सगळ्यांचा त्यात हात आहे. नेमकं किती श्रेय कशाला, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

उतरण

पुढचं लिहिलं नाही तर हे प्रकरण पोथी होईल.

2008 मध्ये सामुएल मोरेनो महापौर झाले. 2010 मध्ये बाहेर आलं की ट्रान्समिलेनिओच्याच तिसऱ्या टप्प्याची कामं वाटताना टक्केवारी ठरली होती आणि ठेकेदारांनी घेतलेली आगाऊ रक्कम भलतीकडेच वळली होती. रस्ते वर्षानुवर्षं खणलेले पडून राहिले. 2011 मध्ये मोरेनो निलंबित झाले आणि पुढे शिक्षाही झाली. नगरसेवकांना खर्चापासून दूर ठेवणारा कायदा जागेवरच होता. चोरी आता दुसऱ्या दाराने झाली.

बसमध्ये गर्दी एवढी वाढली की 2012 मध्ये प्रवाशांनी थांबे अडवून धरले. थांब्यांची दारं रेटून फुकट शिरणारे शहराची कायमची डोकेदुखी होऊन बसले. एके काळी झेब्रा पट्ट्यांवर गाडी घातली म्हणून हसणारं शहर तिकीट चुकवणाऱ्याकडे बघेनासं झालं. बस वेळेवर येत नाही, आली तर आत शिरता येत नाही, मग तिकीट कशाला? हा युक्तिवाद चुकीचा आहे, पण समजण्याजोगा आहे. 2024 मध्ये चिंगासाचे जलाशय आटले. त्या एप्रिलपासून वर्षभर शहराने पाळीपाळीने एकेका विभागाचं पाणी तोडलं. जोडप्यांनी एकत्र आंघोळ करावी असं नव्या महापौरांनी सुचवलं, त्याची जगभर बातमी झाली. 1997 मध्ये शॉवरखालच्या महापौराचं लोकांनी ऐकलं होतं, आता वेळापत्रकाशिवाय भागलं नाही.

पुण्याने काय उचललं

या प्रकरणाचा पुण्याशी संबंध ओढूनताणून आणावा लागत नाही. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली बससेवा, सुरू झाली, तेव्हा बोगोटाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. आपण मार्गिका उचलली. बंदिस्त थांबे, आत शिरताना तिकीट, पायरीशी जुळणारी बस, हे त्या पहिल्या मार्गावर नव्हतं. मार्गिकेत दुचाकी घुसू नये म्हणून वॉर्डन उभे केले, ते शिट्ट्या वाजवून थकले. बोगोटात आधी काही वर्षं लोकांच्या सवयीवर मेहनत झाली आणि मग सिमेंट ओतलं. आपण सिमेंटपासून सुरुवात केली.

त्याच सुमारास, 2006-07 च्या अंदाजपत्रकापासून, पुणे महापालिकेने नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, आपल्या भागातलं छोटं काम सुचवायचं. कल्पना चांगली आणि ती टिकलीही, हे कबूल केलंच पाहिजे. पण एकूण अंदाजपत्रकात तिचा वाटा एक टक्क्याच्याही आत, आणि सुचवलेल्या कामाचं पुढे काय झालं हे सुचवणाऱ्याला स्वतःच शोधत बसावं लागतं. तिकडे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी, वर्षाच्या मध्यात निधी एका कामावरून दुसऱ्याकडे नेणारं वर्गीकरण आणि मार्च एंडला उगवणारे पेव्हर ब्लॉक, हे सगळं नीट चालू असतं. चांगला असलेला फुटपाथ फेब्रुवारीत उखडताना पाहिलेल्या माणसाकडे ऐच्छिक दहा टक्के मागून बघा!

मिळकतकरावरची आपली चर्चा कशाची असते? स्वतः राहत असलेल्या घरांना 1970 पासून मिळणारी 40 टक्के सवलत 2019 मध्ये गेली, 2023 मध्ये राज्य सरकारने ती परत आणली, आणि ती मिळवण्यासाठीचा पीटी-3 नावाचा अर्ज भरायला लोकांची धावपळ उडाली. थकबाकीदारांसाठी अभय योजना येते. 2020 मध्ये शास्तीत, म्हणजे थकबाकीवरच्या दंडात, 80 टक्क्यांपर्यंत सूट होती. तिजोरीत रोख यावी म्हणून हे करावं लागतं, हे आयुक्तांचं म्हणणं खोटं नाही. पण मे महिन्यात रांग लावून बिल भरणाऱ्याला या योजनेतून कळतं ते एवढंच की थांबला असतास तर तुझंही भलं झालं असतं. मॉकस यांचा अंगठा इथे वर आहे तो उशीर करणाऱ्यासाठी.

म्हणून पुण्यात प्रयोग करायचाच तर ऐच्छिक कराचा करू नये. सुरुवात कास्त्रोंच्या रुक्ष कामापासून व्हावी. मिळकतकराच्या बिलाच्या मागच्या बाजूला प्रभागाचा वर्षाचा हिशोब छापावा: कुठलं काम, कुठल्या गल्लीत, किती रुपयांचं, ठेकेदार कोण, दोषदायित्वाची (बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची) मुदत कधी संपते, आणि तेच काम याआधी कुठल्या वर्षी झालं होतं. सहा रकाने. माहिती महापालिकेकडे असते, कारण देयक निघताना ती फाइलला लावावीच लागते. नागरिकांनी सुचवलेल्या कामांपुढे ‘झालं’, ‘नाकारलं’ आणि नाकारण्याचं कारण एवढं लिहावं. अडचण पैशांची किंवा छपाईची नाही. शेवटचा रकाना भरायला कुणी तयार होईल का, ही आहे, कारण एकाच गल्लीपुढे 2021, 2023 आणि 2025 अशी तीन सालं ओळीने छापून आली की पुढच्या स्थायी समितीत त्या गल्लीचा विषय मांडणाऱ्याला आधी ती सालं वाचून दाखवावी लागतील.